बोलायची खोली

आमच्या गावात पत्ता सांगणं आता फार सोपं झालं आहे. मेहकरकडून या की लोणारकडून, गाव यायच्या बरंच आधी रेडिओचा तो लाल-पांढरा टॉवर दिसायला लागतो. एसटीचा कंडक्टर ‘चला, टॉवरवाले उठा’ म्हणून घंटी मारतो. पायथ्याशी टॉवर टी सेंटर आहे, टॉवर हेअर सलून आहे, आणि ज्या बरडावर पूर्वी शेळ्यासुद्धा नाखुशीनं चरायच्या, तिथं ‘टॉवरपासून दोन मिनिटांवर’ असा प्लॉट विकणाऱ्याचा फलक आहे. गेल्या लग्नसराईत एका पत्रिकेवर गणपतीच्या खाली टॉवरचं चित्र पाहिलं. मंगल कार्यालय जवळ होतं म्हणे! इतकी वर्षं कापसाच्या जिनिंगचं धुराडं ही गावाची खूण होती. आता तिकडे मान वर करून कोणी बघत नाही.

मी मात्र टॉवरची खूण सांगत नाही. कोणी घर विचारलं तर चार माणसांची नावं घेत लांबलचक पत्ता सांगतो. लोक वैतागतात, मोबाइल काढतात. ही खोड मला ज्या माणसामुळे लागली, त्याच्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो. टाळायला कारणही आहे, आणि ते माझ्या बाजूचं आहे.

ते आमच्या नगर परिषदेचे मुनादीवाले. दवंडीला आमच्याकडे मुनादी म्हणतात. त्यांच्या वडिलांनी पायी फिरून, डफ वाजवून मुनादी दिली. यांनी ऑटोच्या टपावर भोंगा बांधून. नळाचं पाणी, घरपट्टीची मुदत, पोलिओचा डोस, हरवलेली म्हैस आणि कोणाची मयत, गावाला जे कळायचं ते यांच्या तोंडून. मी बांधकाम विभागातला बाबू. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे होते, तरी मला ‘तुमी’ म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायचो.

ज्यांचा आवाज अख्ख्या गावाला पाठ, ते काका एरवी जवळजवळ बोलायचेच नाहीत. आवाज जपायचा म्हणून कुजबुजायचे. कार्यालयात चहा हवा असेल तर कपाकडे बोट. फोन वाजला तर शेजारच्याच्या हातात द्यायचे आणि मान हलवून उत्तरं पुरवायचे. गालात कायम ज्येष्ठमधाची काडी. विशीत असताना आंब्याच्या लोणच्यानं एकदा गळा बसला आणि एका मयतीची मुनादी वडिलांना द्यावी लागली, तेव्हापासून लोणचं बंद. पंगतीत लोणचंवाला आला की हे पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून बसायचे, आणि तो पुढच्या ओळीत जाईपर्यंत हात काढायचे नाहीत.

भोंग्यावर ‘हॅलो, हॅलो’ त्यांनी कधी केलं नाही. माइक सुरू झाला की आधी थांबायचे. मग, ‘गावकरीहो, कान द्याऽऽ’. बाजारचौकात तर तेवढं बोलून पुन्हा थांबायचे. समोर जिनिंगची लांब भिंत आहे, तिच्यावरून त्यांचा आवाज परत यायचा. तो आला की पुढचं वाक्य. एकदा मी ऑटोत बसलो होतो, घाई होती, म्हटलं, ‘काका, चला ना.’ तर माइकवर हात ठेवून म्हणाले, ‘भितीनं वापस देल्ल्याबिगर पुढं नाई जात मी. भितीले ऐकू गेलं तं मानसाले जाईनच.’

पाण्याला एक आवाज आणि मयतीला वेगळा. मयतीच्या आवाजात ते माणसाची सगळी ओळख द्यायचे: कोणाचा नातू, कोणाचा मुलगा, आयुष्यभर काय काम केलं. घराचा पत्ताही माणसांवरून. ‘तेलघाणीवाल्या आजीच्या मांगं, दोन म्हशीवाल्या मास्तरच्या बाजूले.’ बँकेनं बसस्टँडजवळ नवं एटीएम बसवलं, त्याच महिन्यात तिथला एक दुकानदार वारला. त्याच्या मुलानं सांगितलं, ‘एटीएमजवळ म्हणा, लवकर समजते.’ काकांनी म्हटलं नाही. मुलगा चिडला, तेव्हा कुजबुजले, ‘तुह्या बापाचं घर मानसाईजवळ होतं बे. मशीनजवळ नोतं.’ आणि मग भोंग्यावर त्या दुकानदाराच्या दोन्ही शेजाऱ्यांची नावं त्यांनी अशी घेतली की ते शेजारी दुपारपर्यंत आपणहून मदतीला आले.

पण काकांचं मोठेपण, मोठेपण म्हणा की वेडेपणा म्हणा, खरं कळलं ते टाकीच्या वेळी. आमच्याकडे नळ आठवड्यानं, कधी पंधरवड्यानं येतो. पाण्याच्या मुनादीवर घराघरातल्या बायकांचा दिवस ठरतो. कोणी कामाला जात नाही, कोणी पाहुणे पुढं ढकलते. म्हणून काकांचा नियम होता: स्वतः टाकीवर चढून पाणी बघायचं, मगच बोलायचं. तोंडी हुकमावर नाही. त्या वर्षी नगर परिषदेची निवडणूक होती. वरून निरोप आला, उद्या पाणी येणार अशी मुनादी द्या. काका सायकल घेऊन टाकीवर गेले, शिडी चढले, आत डोकावले, परत आले. मग बाजारचौकात ऑटो उभा करून म्हणाले:

‘गावकरीहो, कान द्याऽऽ. नगर परिषद म्हन्ते का उद्या पानी येनार. मी टाकी पाहून आलो. टाकी कोरडी हाये.’

भिंतीनं ‘कोरडी हाये’ परत दिलं. महिनाभर त्यांना घरी बसवलं गेलं. आम्ही सगळे बाबू पोट धरून हसलो. मी म्हटलं, ‘काका, जे सांगितलं ते बोलून टाकायचं ना. तुमच्या खिशातून काय गेलं असतं?’ त्यांनी गालातली काडी काढली. म्हणाले, ‘मंग उद्या मी कोनाची मयत सांगन तं लोक म्हन्तीन, पाहू खरी हाये का ते.’

हा माणूस टाकीत डोकावल्याशिवाय पाण्याचा शब्द काढत नव्हता. त्यानं माझ्या एका बोटावर विश्वास ठेवला.

टॉवर मंजूर झाल्याची बातमी आली तेव्हा गावात कोणाला काही शंका नव्हती. रेडिओचा टॉवर येणार म्हणजे रेडिओ बोलणार. बोलणार म्हणजे तिथं बोलणारा माणूस लागणार. आणि गावात बोलणारा माणूस एकच. पानठेल्यावर, कटिंगच्या दुकानात, सगळीकडे हेच. चेष्टेनं सुरू झालं आणि आठवड्याभरात खरं झालं. आमचे बडे बाबू काकांना बघून खुर्चीतून उठायचं नाटक करायचे, ‘या या, रेडिओवाले या. आमाले ओळख देसान ना?’ काका हसायचे नाहीत. ज्येष्ठमधाची काडी या गालातून त्या गालात न्यायचे.

बांधकामाच्या परवानगीसाठी टॉवरचे नकाशे माझ्या टेबलावर आले. दुपारची जेवायची वेळ, मी डबा उघडत होतो. काका मागून आले आणि नकाशावर वाकून उभे राहिले. बराच वेळ त्यांना त्यातलं काही समजेना. मग कुजबुजले, ‘बाबू, यातली बोलाची खोली कोनती?’

नकाशात टॉवर होता, कुंपण होतं, पहारेकऱ्याची चौकी होती आणि एकाला एक लागून दोन खोल्या होत्या. एकीत यंत्र, दुसरीत बॅटऱ्या. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की कार्यक्रम बाहेरून डिशच्या छत्रीवर येणार आणि इथून फक्त पुढे सोडले जाणार. मी ते वाचलं होतं. वाचणं हेच माझं काम होतं. बोलायची खोली कुठंच नव्हती.

बडे बाबू पलीकडून डोळा मारत होते. माझ्या हाताला भाजी लागलेली. मी करंगळी बॅटरीच्या खोलीवर ठेवली आणि म्हणालो, ‘ही.’

‘खिडकी हाये का हिले?’

‘नाही.’

‘बराबर हाये,’ काका म्हणाले. ‘आवाजाच्या खोलीले खिडकी नसते.’

ते गेल्यावर आम्ही किती हसलो ते मला अजून आठवतं. बडे बाबूंना ठसका लागला आणि मी त्यांना पाणी दिलं. नकाशावर तेलाचा एक डाग राहिला, बरोबर त्या खोलीवर.

मी दुष्ट नव्हतो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. आळशी होतो, चार लोकांत रंगलेली चेष्टा मोडायची हिंमत नव्हती, एवढंच. पण त्या ‘एवढंच’नं काय केलं ते पुढं लिहितो.

टॉवर उभा राहायला लागला आणि त्याच सुमारास नगर परिषदेनं ठरवलं की कचऱ्याच्या घंटागाडीवरच सूचना वाजवायच्या. कुठल्यातरी शहरातल्या मुलीच्या गोड आवाजात, आधीच भरून ठेवलेल्या. मुनादी बंद. काकांना रस्त्यावर टाकलं असं कोणी म्हणू नये म्हणून त्यांना पाणीपुरवठ्यात नळाचे व्हॉल्व्ह फिरवायची जागा देऊ केली. कायम नोकरी. फक्त संमतीपत्रावर सही करून मुदतीत द्यायचं होतं. काकांचं घर बरडाजवळ, माझ्या जायच्या वाटेवर, म्हणून तो कागद माझ्याकडे दिला.

मी गेलो तेव्हा काका अंगणात बसून टॉवरकडे बघत होते. तोवर तो धुराड्याच्या दुप्पट झाला होता आणि वर मुंग्यांएवढी माणसं लोखंड आवळत होती. कागद त्यांनी दोनदा वाचला आणि घडी करून मला परत दिला.

‘इथं सही केली तं तिकडची जागा जाईन. दोन्हीकडं कसं जमन?’

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी मला सरळ विचारलं, ‘बाबू, तिकडचं पक्कं हाये ना हो? हे तं ऐकूनच नाई राह्यले. तुमाले कागदातलं समजते.’

ती वेळ होती. त्या बाईनं मला हात धरून त्या वेळेपाशी आणलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, काका, सही करा, मी चुकीचं सांगितलं. पण मग कार्यालयातली ती दुपार सांगावी लागली असती, ते हसणं सांगावं लागलं असतं. मी चहा बशीत ओतला. म्हणालो, ‘होईल ना.’

संमतीपत्र मी परत नेऊन फाइलला लावलं, सहीची जागा कोरी. मुदत गेली. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली.

त्या हिवाळ्यात काका एका रविवारी सकाळी माझ्या घरी आले. म्हणाले, ‘बाबू, ऐकून पाहा.’ अंगणात तुळशीजवळ उभे राहिले, थांबले, आणि बोलले. मी चकित झालो. तो पाण्याचाही आवाज नव्हता आणि मयतीचाही नव्हता. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा हळू होता.

‘गावकरीहो, कान द्या. आज आपलं गाव बोलून राह्यलं.’

‘इतकं हळू, काका?’

‘एवढ्या उच्चावरून ओरडाचं काम नाई,’ ते म्हणाले. ‘आजवर मी खालून बोलत होतो म्हनून ओरडत होतो.’

पस्तीस वर्षं भोंग्यावर ओरडलेल्या माणसाला हळू बोलायचं होतं. तेवढीच त्याची हौस होती. माझी बायको आतून आली आणि म्हणाली, ‘काका, अंगावर काटा आला.’ त्यांनी तिला नमस्कार केला. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि तरीही काही बोललो नाही.

उद्घाटनाला बरडावर मांडव घातला होता. हिवरा आश्रमापासून मलकापूरपर्यंतची माणसं आली होती असं पुढारी म्हणाले. निदान गाड्या तरी तेवढ्या होत्या. मोठे पाहुणे आलेच नाहीत. त्यांनी दूर कुठंतरी बसून बटण दाबलं, ते इथं पडद्यावर दिसलं आणि टाळ्या पडल्या. मांडवातल्या रेडिओवर एक बाई शुद्ध भाषेत आमच्या गावाचं अभिनंदन करायला लागली. गावाचं नाव तिनं चुकीचं घेतलं. कोणी हसलं नाही, सगळे वर टॉवरकडे बघत होते.

काका पांढराशुभ्र सदरा घालून कोपऱ्यात उभे होते. कोणीतरी आपल्याला बोलावेल म्हणून सकाळपासून पाणीसुद्धा कोमट प्यायले होते, हे मला काकूंनी नंतर सांगितलं. भाषणं संपली, लोक जेवायला वळले, तेव्हा ते स्वतःच खोल्यांकडे निघाले. मी मागोमाग गेलो. बाहेरगावाहून आलेला एक तरुण इंजिनिअर कुलूप लावत होता.

‘बोलाची खोली पाहाची होती,’ काका म्हणाले.

त्याला कळेना. मग तो चांगल्या मनानं म्हणाला, ‘आजोबा, इथे कुणी बोलत नाही. सगळं त्या छत्रीवर बाहेरून येतं. इथे माणूस लागतच नाही.’

‘ही नाई का? बिनखिडकीची?’

इंजिनिअरनं दार उघडून दाखवलं. आत दोन रांगांत बॅटऱ्या होत्या, कोऱ्या, झाकणांवर प्लॅस्टिक तसंच. काका आत डोकावले. टाकीत डोकावायचे तसेच, उंबऱ्यावर हात ठेवून, नीट, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. मग माझ्याकडे वळले. रागावले असते, चारचौघांत शिवी घातली असती, तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

‘बाबू,’ ते म्हणाले, ‘तुमी पाह्यल्याबिगर सांगतलं का?’

त्यांच्या जगात माणूस चुकायचा तो न बघता बोलल्यामुळे. बघून, वाचून, माहीत असून कोणी खोटं सांगेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी मला वाट काढून दिली होती आणि मी निर्लज्जासारखा तिच्यातून बाहेर पडलो.

‘हो काका. पाहिलं नव्हतं मी.’

‘पाहाले पाह्यजे होतं,’ ते म्हणाले आणि जेवणाच्या मांडवाला वळसा घालून घरी गेले.

नंतर मी पाणीपुरवठ्यातल्या जागेसाठी त्यांच्या नावानं अर्ज लिहिले. तीन लिहिले. जागा नव्हती. काकू लोकांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जात राहिल्या. काका अंगणात बसायचे. आलेले-गेलेले त्यांनाच विचारायचे, ‘टॉवर कुठं आला हो?’ तो डोक्यावर असायचा. काका बोट वर करायचे.

एक गोष्ट मात्र बदलली. ते कुजबुजायचे बंद झाले. साध्या, जरा घोगऱ्या आवाजात बोलायचे, चारचौघांसारखे. एका लग्नात माझ्या शेजारी जेवायला बसले. लोणचंवाला आला. मी सवयीनं त्यांच्या पत्रावळीकडे पाहिलं. हात आडवे नव्हते. त्यांनी लोणचं घेतलं, खाल्लं, आणि वाढप्याला हाक मारून पुन्हा मागितलं.

‘काका?’ मी म्हणालो.

‘आता जपून कायले ठेवाचा?’ ते म्हणाले. मी पत्रावळ दुमडून ठेवली. ते मात्र सगळं जेवले.

दोन वर्षांनी एका सकाळी काकूंचा फोन आला. काका गेले होते. रडणं आवरून त्या म्हणाल्या, ‘बाबू, गावाले कळवा. तुमी कळवा.’ गावात आता मुनादी नव्हती. घंटागाडी ओला कचरा, सुका कचरा म्हणत फिरत होती. तिच्यात मयतीचं काही भरलेलं नव्हतं. मी आधी त्यांच्या घरी जाऊन, डोळ्यांनी पाहून आलो. मग माझ्या घराच्या ओट्यावर बसलो आणि मोबाइलवर, गावाच्या मोठ्या ग्रुपवर टाकायला, लिहायला लागलो.

त्यांच्या पद्धतीनं लिहायचं असं मी ठरवलं होतं. आजोबांचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, गावाला पस्तीस वर्षं पाणी आणि मयत सांगणारे, हे लिहिलं. मग घराचा पत्ता. उजव्या हाताचं घर विकलं गेलं होतं, तिथं मलकापूरच्या कोणाचा तरी बंद प्लॉट होता. डावीकडे टॉवर टी सेंटर, त्याचा मालक दर वर्षी नवा. मागं कुंपण. नाव घ्यावं असा एक माणूस शेजारी उरला नव्हता. मी पत्त्याची जागा सोडून मेसेज टाकला.

लगेच उत्तरं आली. ‘कोण?’ ‘घर कुठं आलं हे?’ ‘लोकेशन टाका.’ एकानं तर नाव वाचून विचारलं, आपल्या गावातलेच का?

मी खाली एक शब्द लिहिला: ‘टॉवरजवळ.’

मग सगळ्यांना समजलं. हात जोडल्याची चित्रं यायला लागली, भराभर, मोजता येईनात इतकी. आयुष्यात त्या एका माणसाबद्दल मी पहिल्यांदा नीट बघून, खरं तेच सांगितलं होतं.